लायगो आपल्या दारात यायलंय, म्हणून फिजिक्समधे एमएस्सी करू का?

पत्र:

ताई, नमस्कार. मी औंढा नागनाथ तालुक्यातली. यंदा बीएस्सी झालं, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स, ७१ टक्के पडले. मला फिजिक्समधे एमएस्सी करायचीये पण घरात प्रत्येकाचं वेगळं चालूये. मामा म्हणतात लायगो, ते गुरुत्वीय लहरी पकडायचं मोठं यंत्र, आपल्याच इथं होतंय, फिजिक्स कर, जवळच्यांना आधी घेतील. दादा पुण्यात कंपनीत आहे, तो म्हणतो सहा महिन्याचा डेटा सायन्सचा क्लास लाव, ६५ हजार फी आहे. आई म्हणती बीएड कर, आणि स्थळं पण यायलेत. बाबा काहीच बोलत नाहीत. चार एकर कोरडवाहू आहे, त्यामुळं मलाच विचारायची लाज वाटती. खरं सांगू का, मी बरंचसं पाठ करून मार्क आणलेत. प्रॅक्टिकलला पण कितीदा रीडिंग दुसऱ्याच्या वहीतूनच उतरवलं. इंग्रजी कच्चं आहे. एमएस्सी झेपेल का? नांदेड का संभाजीनगर का पुणं? आणि पुढं लायगोत लागेल का?

उत्तर:

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी उत्तर सांगते आणि मग कारणं, कारण तुला फॉर्मची तारीख गाठायचीये. एमएस्सी कर, सरकारी विद्यापीठातच कर, फक्त मामा ज्या कारणासाठी कर म्हणायलेत त्या कारणासाठी करू नको.

लायगोचंच आधी बोलू, कारण तुमच्या भागात प्रत्येक घरात आता हाच विषय असणार. एप्रिल २०२३ ला केंद्रानं त्याला मंजुरी दिली, साधारण २६०० कोटींचं काम, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, इंग्रजी एल सारख्या, आत निर्वात पोकळी आणि त्यात लेझर. औंढ्याजवळची जागा निवडली ती जमीन शांत आहे, हादरे कमी, मोठी वर्दळ लांब, म्हणून. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशातच उठणारी लाट, पकडली, १३० कोटी प्रकाशवर्षं लांब दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली होती, आणि त्या लहरीनं चार किलोमीटरची भुजा किती हलली तर प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या हिस्स्याइतकी. एवढं बारीक मोजणारं यंत्र आपल्या सोयाबीनच्या पट्ट्यात उभं राहणारे याचा मला पण फार आनंद आहे, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं.

पण तिथली भरती गाव बघून होत नाही. हे काम पुण्याची खगोलशास्त्राची संस्था आयुका, इंदूरचं लेझर संशोधनाचं केंद्र आरआरकॅट, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा असे मिळून करायलेत, आणि ज्याला जी माणसं लागतात त्याची तो जाहिरात काढतो. कुठं व्हॅक्यूमचा इंजिनिअर पाहिजे, कुठं ऑप्टिक्समधे पीएचडी झालेला, कुठं कॉम्प्युटरवाला, कुठं डिप्लोमावाला. साधं एमएस्सी फिजिक्स आणि औंढ्याचा रहिवासी दाखला एवढ्यावर वैज्ञानिक म्हणून कुणी घेणार नाही. हे मामांना आत्ताच प्रेमानं सांग, नाहीतर दोन वर्षांनी तेच तुला विचारतील की काय झालं गं त्या लायगोचं, आणि तेव्हा तुला त्या डिग्रीचीच चीड येईल.

आता खरा प्रश्न, झेपेल का. तू पाठ करून मार्क आणलेत हे लिहिलंस, मला ते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. मी पण तशीच आले होते. तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी, डेरिव्हेशन घडाघडा लिहायचे, आणि एमएस्सीच्या पहिल्याच इंटर्नल टेस्टला क्वांटममधे २० पैकी ४. सर पेपर हातात देताना एक शब्द बोलले नाहीत, मी हॉस्टेलवर येऊन बॅग भरली होती. पहिल्या सेमला तो विषय बॅक राहिलाच. मग आमच्या रूमवर एक सीनिअर होती परभणीकडची, ती रोज रात्री जेवण झालं की एक गणित द्यायची आणि सांगायची मागचं उत्तर बघायचं नाही, अडकलीस तर कुठं अडकलीस ते लिही आणि झोप. तीन महिने मी नुसती अडकतच होते, पण कुठं अडकतीये ते लिहायची सवय लागली आणि तिथून सगळं फिरलं. बीएस्सीत आपण प्रश्न ओळखून उत्तर काढतो, एमएस्सीत प्रश्न ओळखीचा नसतो, एवढाच फरक आहे, पण तो फार मोठा आहे.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी घरबसल्या एक गोष्ट कर. डब्यातला कण तुला बीएस्सीत होता, पार्टिकल इन अ बॉक्स, एनर्जीचं सूत्र पाठ असणार, एन-स्क्वेअर एच-स्क्वेअर भागिले आठ एम एल-स्क्वेअर. आता एक नॅनोमीटरचा डबा घे, त्यात इलेक्ट्रॉन टाक, आणि आकडे घालून खालच्या पातळीची एनर्जी काढ. ०.३८ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास यायला पाहिजे. नाही आली तर युनिट कुठं चुकलं ते शोध, त्यासाठी दोन दिवस गेले तरी चालतील. मग पहिल्यावरून दुसऱ्या पातळीवर उडी मारायला किती लागेल ते काढ, ते तिप्पट येतं, १.१३ च्या जवळ, आणि तेवढ्या एनर्जीचा प्रकाश साधारण ११०० नॅनोमीटरचा, म्हणजे इन्फ्रारेड, डोळ्याला दिसत नाही. इथपर्यंत सगळं सूत्रात आहे. आता मी जे विचारते ते सूत्रात नाही. इथं थांबून तुला मनातनं असं वाटतं का की बरं, मग डबा किती लहान केला म्हणजे लाल दिसेल? वाटलं तर काढ (६५० नॅनोमीटरच्या लालसाठी डबा ०.७७ नॅनोमीटरच्या आसपास येतो, आणि अशीच छोट्या डब्यातली गंमत वापरून क्वांटम डॉटचे, म्हणजे काही नॅनोमीटरच्या कणांचे, रंग बदलतात, त्या कामाला २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं). गणित चुकलं तरी मला काळजी नाही, इंग्रजी कच्चं असलं तरी नाही. पण चार-पाच दिवस असल्या प्रश्नांसोबत बसून एकदाही पुढचं काढून बघावं वाटलं नाही, नुसती कटकट वाटली, तर मग बीएड किंवा दुसरं काही कर, त्यात काहीही कमीपणा नाही, आणि दोन वर्षं वाचतील.

तुझ्या पत्रावरून मला वाटतं तुला वाटेल. ज्या मुलीला रीडिंग उतरवल्याची बोच लागलीये तिला विषयाशी काहीतरी देणंघेणं आहे.

ॲडमिशन होईपर्यंत हातात दोन महिने आहेत ते गणिताला दे. मॅट्रिक्स, आयगेनव्हॅल्यू, सेकंड ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन, फूरिए सिरीज, कॉम्प्लेक्स नंबर. पहिल्या सेमला क्लासिकल मेकॅनिक्स, क्वांटम, मॅथेमॅटिकल मेथड्स, इलेक्ट्रॉनिक्स असे एकदम अंगावर येतात आणि सगळ्यांच्या खाली हेच गणित असतं, ते जमलं की अर्धी भीती जाते. एनपीटीईएल नावाच्या सरकारी वेबसाइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर फुकट आहेत, इंग्रजीत आहेत पण स्पीड कमी करून ऐक, पहिली दहा जड जातील मग कान बसतो. इंग्रजीचं मला एवढंच सांगायचंय की फिजिक्सचं इंग्रजी छोटं असतं, तेच तेच दोनतीनशे शब्द असतात, रोज पुस्तकाची दोन पानं मोठ्यानं वाच आणि वाचलेलं मैत्रिणीला मराठीत समजावून सांग. मराठीत सांगता आलं तर कळलंय, नाही आलं तर इंग्रजीत कितीही छान लिहिलं तरी कळलेलं नाही. व्हायवाला मोडकंतोडकं बोललीस तरी कळलेलं लपत नाही.

कुठं? तुझा हिंगोली जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात येतो, १९९४ ला मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशीच ते सुरू झालं, विष्णुपुरीला कॅम्पस आहे, तुला घराजवळ. संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, जुनं आणि मोठं. मी दोन्हीकडं फॉर्म भरायला सांगीन, आणि दोन्हीकडं कॅम्पसवरच्या विभागाला पहिली पसंती दे, कॉलेजातल्या एमएस्सीला दुसरी. कारण साधं आहे, कॅम्पसवर पीएचडी करणारी पोरं असतात, रात्री लॅबमधे लाईट चालू असतो, कुणीतरी मोठं माणूस अडलेलं सांगायला असतं, ही गोष्ट माहितीपत्रकात लिहिलेली नसते पण तिच्यावरच सगळं ठरतं. पुण्याचा विभाग फार चांगला आहे पण हॉस्टेल नाही मिळालं तर रूम आणि मेसचा खर्च चार एकराला झेपणार नाही, हॉस्टेल पक्कं झालं तरच विचार कर. एक नाव आपल्याकडची पोरं विसरतात, हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ, नांदेडहून ते पुण्यापेक्षा जवळ आहे, तिथं सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं. आयआयटीत जायला जॅम असते, फेब्रुवारीत, ६० प्रश्न १०० मार्क तीन तास, तिचे फॉर्म आदल्या वर्षीच भरून होतात त्यामुळं यंदाची गेली. पण तिचे जुने पेपर डाऊनलोड करून सोडव, तयारीला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

आणि आता प्रॅक्टिकल. रीडिंग उतरवणं इथून पुढं बंद, हे मी ताई म्हणून सांगते. आपल्याकडच्या विभागांत मटेरियल्सचं काम जास्त चालतं, थिन फिल्म, फेराइट, नॅनो पावडर, आणि प्रोजेक्टमधे बरीच पोरं काय करतात तर पावडर बनवतात, एक्सआरडीला, म्हणजे एक्स-रे टाकून आतली रचना बघायच्या टेस्टला, पाठवतात, आलेला ग्राफ रिपोर्टमधे चिकटवतात. तू असं करू नको. ग्राफवर पीक, म्हणजे वर आलेलं टोक, कुठल्या कोनाला आलाय ते बघ, तांब्याच्या टार्गेटचा एक्स-रे असेल तर वेव्हलेंग्थ १.५४ अँगस्ट्रॉम, ब्रॅगच्या नियमात घालून अणूंच्या थरांमधलं अंतर स्वतःच्या हातानं काढ, पीक किती रुंद आहे त्यावरून कणाचा आकार काढ, मग सॉफ्टवेअरनं काय दिलं ते ताडून बघ. एका पावडरीवर एवढं केलंस तरी इंटरव्ह्यूला तुला बोलायला वीस मिनिटं पुरतील.

लायगोची ओढ खरंच असेल तर नोकरीची वाट बघायची गरज नाही, त्या यंत्रांचा डेटा सगळ्या जगासाठी खुला ठेवलाय, नेटवर फुकट मिळतो. २०१५ चा तो पहिला सिग्नल तू तुझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टमधे स्वतः काढू शकतेस, पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकावी लागेल, गुगल कोलॅबवर सगळं चालतं, भारी लॅपटॉप लागत नाही. त्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी ३५ हर्ट्झपासून २५० पर्यंत चढत जाते, सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात, आणि गोंगाटातून तो चढ बाहेर काढायचा म्हणजे फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या करणारा तोच फूरिए लागतो जो तू पहिल्या सेमला शिकणार. दादाला सांग की डेटा सायन्स मी शिकणारच आहे, फक्त ६५ हजार न देता. त्याचा सल्ला वाईट नाही, तुझ्या काळजीनंच म्हणतोय, पण सहा महिन्याच्या सर्टिफिकेटवर पुण्यात रांगेत किती पोरं उभी आहेत ते त्यानंही पाहिलं असेल.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगते. आपल्याकडं एमएस्सी झालं की प्राध्यापक व्हायचं एवढंच डोक्यात असतं, आणि तीच वाट सगळ्यात अवघड झालीये. सीनिअर कॉलेजला नेट-सेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएचडी लागते, कायमच्या जागा फार कमी निघतात, बाकी सगळं तासिका तत्त्वावर. मी स्वतः एका कॉलेजात तीन वर्षं सीएचबीवर, म्हणजे तसंच तासिकेवर, शिकवलं, मार्चचं मानधन दिवाळीत मिळायचं, उन्हाळ्यात काहीच नाही, आणि घरी सांगायला लाज वाटायची की प्राध्यापक म्हणवून घेणाऱ्या लेकीला एसटीच्या पासला पैसे मागावे लागतात. ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. म्हणून दुसऱ्या वाटा पहिल्या दिवसापासून माहीत ठेव. सीएसआयआर-नेट वर्षातून दोनदा असते, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच देता येते, त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप निघाली तर पीएचडीला पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार आणि वर घरभाडं, नंतर ४२ हजार, म्हणजे शिकताना घरी पैसे पाठवता येतात. गेट ही परीक्षा आहे, तिचा स्कोअर तीन वर्षं चालतो. बीएआरसी, म्हणजे मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र, दरवर्षी फिजिक्सची पोरं घेतं, ट्रेनिंगमधेच स्टायपेंड मिळतो, पण ६० टक्क्यांची अट आहे, त्यामुळं एमएस्सीत मार्क पडू द्यायचे नाहीत.

आणि एक वाट जी मला कुणी सांगितलीच नाही, मेडिकल फिजिसिस्ट. कॅन्सरला रेडिएशन देतात तिथं किती डोस, कुठल्या बाजूनं, बाजूच्या अवयवाला किती कमी, हे हिशोब बसवणारा माणूस फिजिक्सचाच असतो. एमएस्सी फिजिक्सनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा करायचा, बीएआरसीचा आहे, एक वर्षाचा, मग हॉस्पिटलात इंटर्नशिप. संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलात आपल्या आठही जिल्ह्यांतले पेशंट येतात, माझ्या काकूला घेऊन मी महिनाभर तिथं बसले, तेव्हा मशीनच्या खोलीबाहेर कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या एका माणसाशी बोलता बोलता कळलं की हे एमएस्सी फिजिक्स आहेत. मला तेव्हा वय आणि पैसा दोन्ही आडवं आलं, पण तू आत्ताच बीएस्सी झालीयेस. आईला बीएडसारखी घराला दिसणारी, मान असलेली नोकरी हवी असेल तर तिला हे सांग. बीएडही जात नाही, एमएस्सीनंतर करता येतं, उलट ज्युनिअर कॉलेजला शिकवायचं तर दोन्ही लागतं.

आता बाबा. बोलत नाहीत म्हणजे नाही म्हणायलेत असं धरू नको. चार एकरवाला बाप आकडा माहीत नसला की गप्प बसतो. एक पान घे, डावीकडं लिही वर्षाची फी, हॉस्टेल, मेस, जाण्यायेण्याचं, पुस्तकं. उजवीकडं लिही महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरून तुझ्या प्रवर्गाला काय मिळतं, विद्यापीठाच्या कमवा आणि शिका योजनेत किती तास काम मिळू शकतं, आणि उरलेलं किती. हे आकडे विभागाच्या ऑफिसात जाऊन विचार, फोनवर कुणी नीट सांगत नाही. ते पान बाबांच्या हातात दे, रात्री जेवण झाल्यावर, आई समोर असताना. स्थळांचं पण त्याच वेळी बोल आणि नंतर बघू असं मोघम बोलू नको, तारीख सांग. अमुक महिन्यात दुसरं वर्ष संपतंय, तोपर्यंत पत्रिका कुणाला द्यायची नाही. मोघम बोललं की दर दिवाळीला तोच विषय निघतो, तारीख दिली की मोठी माणसं बऱ्याचदा पाळतात, निदान बाबा पाळतील. आणि त्यांना हेही सांग की आता पहिलं वर्ष पूर्ण करून काही कारणानं थांबावं लागलं तरी पीजी डिप्लोमा हातात पडतो, वर्ष मातीत जात नाही. तुला तो घ्यायला लागू नये एवढीच माझी इच्छा आहे, पण बाबांना ते ऐकून धीर येईल.

पहिलं सेमिस्टर वाईट जाईल. आधीच सांगून ठेवते म्हणजे बॅग भरणार नाहीस. ऑक्टोबरच्या आसपास सगळ्यांनाच वाटतं की आपण चुकीच्या ठिकाणी आलो, शहरातून आलेल्या पोरींनाही वाटतं, त्या फक्त बोलून दाखवत नाहीत. तेव्हा मला लिही, कुठं अडकलीस ते नेमकं लिही, विषय आणि गणित सकट.

उत्पन्नाचा दाखला, रहिवासी आणि प्रवर्गाचं असेल ते प्रमाणपत्र आत्ताच काढायला टाक, ॲडमिशन सुरू झाल्या की सेतूवर रांग लागते आणि सर्व्हर बंद पडतो. मूळ मार्कमेमो आणि टीसीच्या पाच-पाच झेरॉक्स काढून ठेव. डब्यातल्या इलेक्ट्रॉनचं गणित सोडवलंस तर वहीच्या पानाचा फोटो पाठव, खाडाखोड असली तरी तशीच पाठव.